नवा कार्बन भरला, तरी पाण्यात रंग उतरतोच: तपासणी कुठून सुरू करावी

रंगीत सांडपाण्यासाठी सक्रिय कार्बनचे (बारीक रंध्रांनी भरलेल्या, रंग धरून ठेवणाऱ्या कोळशाचे) कॉलम चालवताना एकच तक्रार माझ्यासमोर पुन्हा पुन्हा आली आहे. कार्बन नुकताच बदललेला असतो, दोन-चार दिवस पाणी स्वच्छ येते आणि मग आउटलेटला रंग दिसू लागतो. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "कार्बन खराब निघाला." मग तो काढून दुसरा भरतात आणि पुन्हा तेच होते. ही दुरुस्ती मी इतक्या वेळा केली आहे की आता कार्बनवर संशय सगळ्यात शेवटी घेतो. दोष बहुतेक वेळा पाण्यात, प्रवाहात किंवा मोजण्यात सापडतो, आणि तो शोधायला बादली, घड्याळ, पीएच मीटर आणि थोडा धीर पुरतो.

लक्षणे

आधी नीट बघा की तुमच्याकडे नेमके काय होत आहे. "रंग येतो" एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

पहिल्याच पाण्यात करडी, काळपट झाक असेल तर तो रंग नव्हे, कार्बनची भुकटी आहे.

सुरुवातीपासून फिकट रंग आहे आणि दिवस गेले तरी तो वाढत नाही, कमीही होत नाही. याचा अर्थ पाण्याचा काही हिस्सा कार्बनला न भेटताच बाहेर पडतो, किंवा मिश्रणातला एखादा रंग या कार्बनला चिकटतच नाही.

काही तास किंवा दिवस पाणी स्वच्छ, आणि मग हिशेबाच्या कितीतरी आधी रंग चढत जातो. सगळ्यात जास्त दिसणारे लक्षण हेच, आणि याची कारणेही सगळ्यात जास्त.

छटा बदलते. आत तपकिरी जाते, बाहेर पिवळे येते. तपकिरी हा सहसा दोन-तीन रंगांचा मेळ असतो. त्यातला जो कमी घट्ट धरला जातो तो आधी सुटतो.

आउटलेटचे पाणी इनलेटपेक्षा गडद येते. हे पाहून लोक घाबरतात, पण ते अशक्य नाही. आधी साठलेला रंग परत सुटत असतो.

प्रत्येक बॅकवॉशनंतर, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुतल्यावर, रंग वाढतो.

नळाखाली पाणी स्वच्छ असते, पण बाटलीत तासभर ठेवले की निळसर होते.

आणि शेवटचे, प्रयोगशाळेत बाटलीतल्या चाचणीत जवळपास सगळा रंग गेला होता, कॉलममध्ये मात्र निम्माही जात नाही.

यातले तुमचे लक्षण कोणते ते कागदावर लिहा, सोबत तारीख आणि वेळही. पुढच्या तपासण्या मी सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टींपासून अवघडाकडे मांडल्या आहेत. क्रम मोडू नका. शेवटची तपासणी आधी केलीत तर तिच्या निकालाचा अर्थ लागणार नाही.

आधी बाटली बघा

आउटलेटचे पाणी पारदर्शक बाटलीत घ्या, पांढऱ्या कागदासमोर धरा आणि तासभर स्थिर ठेवा. तळाशी काळा थर बसून वरचे पाणी स्वच्छ झाले, तर कार्बनची भुकटी वाहून येत आहे. नव्या कार्बनमध्ये ती असतेच. पाणी स्वच्छ येईपर्यंत उलट्या दिशेने धुतले की प्रश्न मिटतो. पण भुकटीऐवजी हाताला लागतील असे दाणे येत असतील, तर कॉलमच्या तळाची जाळी किंवा नोझल फुटले आहे. त्याचे पुढे सांगतो.

त्याच बाटलीचा अर्धा भाग उघड्या भांड्यात ओतून ढवळा. हवा लागल्यावर रंग उगवला, तर रंग कार्बनमधून "बिनरंगी" रूपात निसटत आहे. इंडिगो आणि त्याच्यासारखे इतर व्हॅट रंग कापडावर चढवताना क्षपित (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेने बदललेल्या), विरघळणाऱ्या रूपात असतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा रंगीत होतात. मिथिलीन ब्लूही क्षपण झाले की रंगहीन होतो आणि हवेत परत निळा. यावर उपाय कॉलमच्या आधी आहे. येणाऱ्या पाण्यात हवा सोडून रंग मूळ रूपात आणा, साका बसू द्या आणि मगच पाणी कार्बनवर घ्या. कॉलममधूनच सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर आत ऑक्सिजनविना जिवाणू वाढले आहेत आणि ते सल्फेटचे सल्फाइड करत आहेत. अशा वेळी उघड्या झाकणावर वाकून वास घेऊ नका. हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असेल तर नाकाची संवेदनाच बधिर करतो, आणि वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते.

मोजमाप खरे आहे का

मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपल्या, म्हणून या भागावर जरा थांबतो.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते ते मोजणाऱ्या यंत्रावर) मोजत असाल तर तरंगलांबी त्या रंगाच्या शिखरावर आहे का बघा. मिथिलीन ब्लूसाठी सुमारे ६६४ नॅनोमीटर, ऱ्होडामाइन बीसाठी ५५४, काँगो रेडसाठी ४९७, मिथिल ऑरेंजसाठी ४६४ च्या आसपास. मिश्र सांडपाण्यात एकाच तरंगलांबीवर मोजणे म्हणजे एका डोळ्याने बघणे. निळा गेला की आकडा शून्याजवळ येतो आणि पिवळा तसाच राहतो. म्हणून निदान तीन तरंगलांबींवर मोजा, किंवा सगळ्या तरंगलांबींचा पूर्ण पट्टा काढून इनलेट आणि आउटलेटचे दोन आलेख एकमेकांवर ठेवा.

पाणी दाट असेल तर ते पातळ करून मोजा. ॲब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश शोषल्याचा आकडा, १ च्या खाली ठेवणे बरे. वर गेले की तीव्रता आणि ॲब्सॉर्बन्स यांची सरळ रेषा वाकते आणि इनलेटचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. मिथिलीन ब्लूत याला आणखी एक कारण आहे. दाट द्रावणात त्याचे रेणू जोड्या करतात आणि त्या जोड्या ६१० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. इनलेट कमी दिसले की कार्बनचे कामही कमी दिसते.

नमुना कसा गाळता हेही महत्त्वाचे. सिरिंजच्या टोकाला लावायचे पडदे स्वतःच रंग ओढतात. नायलॉनचा पडदा ऋणभारित रंग पकडतो, सेल्युलोजचे काही पडदे मिथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग पकडतात. कार्बन न घातलेले ज्ञात तीव्रतेचे द्रावण त्याच पडद्यातून गाळून मोजा. आकडा घसरला, तर आजवरची तुमची "निष्कासन टक्केवारी" थोडी कार्बनची आणि थोडी पडद्याची होती. शक्य असेल तर सेंट्रिफ्यूज वापरा, नाहीतर गाळलेले पहिले काही मिलिलिटर टाकून द्या. मिथिलीन ब्लू काचेच्या क्युव्हेटलाही (यंत्रात नमुना ठेवायच्या छोट्या भांड्यालाही) चिकटतो. दोन नमुन्यांमध्ये क्युव्हेट अल्कोहोलने धुतला नाही, तर आधीचा नमुना पुढच्यात मोजला जातो.

आता पीएच. काही रंग पीएचप्रमाणे स्वतःच बदलतात. मिथिल ऑरेंज पीएच ३.१ ते ४.४ च्या दरम्यान लालचा पिवळा होतो, काँगो रेड साधारण ३ च्या खाली निळा पडतो. प्रमाण आलेख (ज्ञात तीव्रतेच्या द्रावणांवरून काढलेला) एका पीएचला आणि नमुना दुसऱ्याला असेल तर आकड्याला अर्थ नाही. याहून फसवा प्रकार मॅलेकाइट ग्रीन आणि क्रिस्टल व्हायोलेटचा. अल्कली पाण्यात हे रंग हळूहळू रंगहीन रूपात जातात. राख असलेला नवा कार्बन पाण्याचा पीएच वर नेतो, रंग डोळ्यासमोर नाहीसा होतो आणि आपण खूश होतो. रंग मात्र पाण्यातच असतो. त्या पाण्याचा पीएच आम्ल घालून मूळ जागी आणा, झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रंग परतला तर कार्बनने तो धरलाच नव्हता.

आणि प्रत्येक चाचणीसोबत कार्बनविना एक भांडे ठेवा. प्रकाशाने किती उडाला आणि भांड्याला किती चिकटला हे त्याशिवाय कळत नाही.

व्हॉल्व्ह आणि नमुन्याची जागा

याला दहा मिनिटे लागतात. बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का, तो आतून गळतो का ते पाहा. इनलेटमध्ये थोडे मीठ मिसळून आउटलेटची विद्युतवाहकता दर मिनिटाला नोंदवणे हा उत्तम मार्ग आहे, कारण कार्बन मीठ धरत नाही. पाणी बेडमधून, म्हणजे कॉलममधल्या कार्बनच्या थरातून, जायला जितका वेळ लागायला हवा त्याच्या कितीतरी आधी वाहकता चढली, तर पाण्याला आडवाट मिळाली आहे. मग ती बायपासची असो की बेडमधली चीर असो. पाणी मुळातच खारे असेल तर उलट करा, थोडा वेळ साधे पाणी सोडा आणि वाहकता कधी उतरते ते बघा.

नमुन्याचा नळ आउटलेटच्या टाकीवर असेल तर तो बदलून थेट कॉलमच्या तोंडाशी घ्या. टाकीच्या भिंतींवर जुना रंग बसलेला असतो आणि दोष कॉलमवर जातो.

बादली आणि घड्याळ

फ्लोमीटरवर विश्वास ठेवू नका. आउटलेटखाली मापाची बादली ठेवा आणि भरायला लागणारा वेळ मोजा. मग बेडचे आकारमान प्रवाहाने भागा. २० लिटरचा बेड आणि मिनिटाला २ लिटर प्रवाह म्हणजे १० मिनिटांचा संपर्ककाळ. रंगासाठी १० मिनिटे मी किमान मानतो, २० ते ३० असतील तर निर्धास्त.

हा वेळ का लागतो ते समजून घेतले की पुढचे बरेच कोडे सुटते. रंगाच्या रेणूला आधी दाण्याभोवतीचा पाण्याचा पातळ थर ओलांडावा लागतो, मग मोठ्या रंध्रांतून आत शिरून लहान रंध्रांपर्यंत सरकावे लागते. रंगाचे रेणू बोजड असल्यामुळे हा आतला प्रवास संथ होतो. बेडमध्ये ज्या पट्ट्यात ही देवाणघेवाण चाललेली असते तो पट्टा प्रवाह वाढवला की लांबतो. पट्ट्याचे खालचे टोक बेडच्या तळाला टेकले की आउटलेटला रंग दिसतो, जरी वरचा बराचसा कार्बन अर्धा रिकामा असला तरी. पंप बदलला, व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडला, एवढ्यानेही कॉलम "लवकर संपतो". मी पहिल्यांदा प्रवाह निम्मा करून एक दिवस बघतो. रंग मागे हटला तर कार्बन शाबूत आहे.

पीएच

पुढची तपासणी पीएच मीटरची. इनलेट आणि आउटलेट दोन्ही मोजा.

कार्बनच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट असतात आणि पाण्याच्या पीएचप्रमाणे त्यांचा भार बदलतो. प्रत्येक कार्बनचा एक पीएच असा असतो की तिथे एकूण भार शून्य होतो. त्याच्या खाली पृष्ठभाग धनभारित, वर ऋणभारित. मिथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट असे धनभारित रंग वरच्या बाजूला चांगले धरले जातात. ॲसिड, डायरेक्ट आणि रिॲक्टिव्ह रंगांना सल्फोनेट गटांमुळे ऋणभार असतो, ते खालच्या बाजूला चांगले धरले जातात.

रिॲक्टिव्ह रंगाईचे पाणी बहुधा अल्कली असते, पीएच १० ते ११. तिथे कार्बनही ऋणभारित आणि रंगही. रंगाच्या सपाट कड्या आणि कार्बनचे थर यांच्यातली ओढ शिल्लक असते म्हणून काही रंग धरला जातो, पण भार त्याला मागे ढकलत राहतो. अशा ठिकाणी पीएच ६ ते ७ वर आणल्यावर त्याच बेडने पुन्हा काम सुरू केलेले मी पाहिले आहे. उलटही घडते. आठवडाभर कमी पीएचला भरलेल्या बेडवर एके दिवशी अल्कली पाणी सोडले, तर धरलेला रंग सुटून आउटलेट इनलेटपेक्षा गडद होते. गडद आउटलेटचे दुसरे कारण म्हणजे इनलेटची तीव्रता अचानक कमी होणे, आणि तिसरे म्हणजे जास्त घट्ट चिकटणाऱ्या नव्या रंगाने जुन्याला हुसकावणे.

इथे एक इशारा. येणाऱ्या पाण्यात सल्फर रंग, सोडियम सल्फाइड किंवा हायड्रोसल्फाइट असण्याची शक्यता असेल तर त्यात आम्ल ओतू नका. हायड्रोजन सल्फाइड किंवा सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. आधी हवेने ऑक्सिडीकरण, मग पीएच, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली.

आपल्या कार्बनचा शून्यभाराचा पीएच घरच्या घरी काढता येतो. मिठाच्या पातळ द्रावणाच्या सहा-सात बाटल्या घ्या, पीएच २ ते १२ मध्ये वेगवेगळा ठेवा, प्रत्येकीत सारखाच कार्बन टाका, दोन दिवस हलवत ठेवा आणि पुन्हा पीएच मोजा. ज्या बाटलीत तो बदलला नाही तो तुमचा आकडा. फॉस्फोरिक आम्लाने सक्रिय केलेल्या कार्बनचा हा आकडा बहुधा खाली असतो, वाफेने सक्रिय केलेल्याचा वर. पुरवठादाराच्या कागदावर तो सहसा नसतो, म्हणून स्वतः काढा.

बेडच्या आत

कोरडा कार्बन कॉलममध्ये ओतून लगेच पाणी सोडणे ही चूक फार जण करतात. रंध्रांत हवा असते आणि पाणी तिला पटकन बाहेर काढू शकत नाही. हवा भरलेल्या रंध्रात रंग शिरत नाही, शिवाय बुडबुडे दाण्यांमध्ये अडकून पाण्याला ठरावीक वाटांनी पळवतात. नवा कार्बन किमान २४ तास पाण्यात भिजवा आणि कॉलम तळाकडून हळूहळू भरा. पंप बंद असताना बेड कोरडा पडत असेल तर दररोज सकाळी हाच त्रास होतो. तेव्हा आउटलेटचा पाइप बेडच्या वरच्या पातळीपर्यंत उंच नेऊन खाली वळवा, म्हणजे पाणी आत राहील. बेडपेक्षा थंड पाणी आत आले तर विरघळलेली हवा आत सुटते, तेही लक्षात असू द्या.

पाण्याने पाडलेल्या वाटा बघायच्या तर बेडचा वरचा भाग पाहा. खड्डा, चीर, कडेला फट दिसेल. प्रयोगशाळेतल्या बारीक कॉलममध्ये हा त्रास भिंतीमुळे होतो. नळीचा व्यास दाण्याच्या किमान दहापट तरी हवा, वीसपट असेल तर उत्तम, नाहीतर पाणी भिंतीलगत निसटते.

बॅकवॉशने बेड २० ते ३० टक्के फुगला की चिरा मोडतात आणि साचलेला गाळ निघतो. दाब वाढला असेल आणि सोबत रंगही येत असेल तर आधी हेच करा. पण बॅकवॉश म्हणजे रोजचे औषध नव्हे, हे मी कळकळीने सांगतो. चालत्या बेडमध्ये वरचे दाणे रंगाने भरलेले आणि तळाचे ताजे असतात. हीच उतरंड आउटलेट स्वच्छ ठेवते. बॅकवॉशने दाणे मिसळले की भरलेले काही दाणे तळाशी जातात आणि स्वच्छ झालेल्या पाण्यात रंग परत सोडतात. "बॅकवॉशनंतर रंग वाढतो" या लक्षणाचे मूळ इथे आहे. गाळ कार्बनच्या आधीच वाळूच्या गाळणीत अडवा, म्हणजे कार्बनला बॅकवॉश क्वचितच लागेल.

आधीच्या टप्प्यातून काय येते

कार्बनवर येणारे पाणी गढूळ, तेलकट किंवा फेसाळ असेल तर कितीही चांगला कार्बन भरा, तो थोडेच दिवस टिकेल. कापडावरची स्टार्चची किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची खळ, साबण, डिस्पर्सिंग एजंट हे सगळे त्याच रंध्रांवर हक्क सांगतात. शिवाय मोठे रेणू रंध्रांची तोंडे बुजवतात.

डिस्पर्स रंग तर पाण्यात नीट विरघळतच नाहीत, बारीक कणांच्या रूपात तरंगतात. रंध्रात विरघळलेला रेणू शिरतो, कण शिरत नाही. असे रंग तुरटी किंवा फेरिक क्षाराने गोळा करून खाली बसवायचे असतात. एका ठिकाणी तीन वेळा कार्बन बदलून झाला होता. आम्ही इनलेटच्या एका बादलीत तुरटी घालून ढवळले, पीएच सांभाळला आणि अर्ध्या तासात बहुतेक रंग तळाशी बसला. कार्बनसाठी उरला तो थोडासा विरघळलेला भाग. खर्च तिथे इतका कमी झाला की आधी वाया गेलेल्या कार्बनचे वाईट वाटले.

खलबत्त्याची चाचणी

इथवर काही सापडले नाही तर आता कार्बनची पाळी. चार भांडी घ्या, प्रत्येकात तुमचेच खरे सांडपाणी १०० मिलिलिटर, गाळलेले आणि पीएच सारखा केलेले. पहिल्यात ताजे दाणे ०.१ ग्रॅम. दुसऱ्यात तेवढाच ताजा कार्बन, पण खलबत्त्यात मैद्यासारखा कुटून. तिसऱ्यात कॉलममधून काढून, धुऊन, वाळवून, कुटलेला कार्बन. चौथे कार्बनविना. सगळी हलवत ठेवा आणि दोन तासांनी व २४ तासांनी मोजा.

कुटलेल्या ताज्याने रंग ओढला आणि दाणे दोन तासांत मागे पडले पण पुढे सरकत राहिले, तर क्षमता आहे, वेळ कमी पडतो. बारीक दाणा घ्या किंवा प्रवाह कमी करा. कुटूनही ताज्याने रंग ओढला नाही, तर कार्बन आणि रंग यांचे जमत नाही. तिसऱ्या भांड्याने ताज्याच्या जवळपास काम केले, तर बेड संपलेलाच नव्हता, तुम्ही तो उगाच बदलत होता. तिसऱ्याने काहीच केले नाही, तर तो खरोखर भरला आहे. बाटलीतल्या आणि कॉलममधल्या निकालातली तफावतही इथे उलगडते, कारण बाटलीत बहुतेक जण पावडर वापरतात, कॉलममध्ये दाणे.

"जमत नाही" म्हणजे काय? रंध्राचे माप. दोन नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्मरंध्रे, २ ते ५० मध्यम, त्यावर मोठी. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये सूक्ष्मरंध्रे भरपूर असतात, म्हणून त्याचा आयोडीन अंक (कार्बन किती आयोडीन धरतो याचे माप) उंच येतो. पण आयोडीनचा रेणू लहान आहे. मिथिलीन ब्लू साधारण दीड नॅनोमीटर लांब, आणि काँगो रेड किंवा रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हे त्याहून लांबलचक. त्यांना मध्यम रंध्रे लागतात, जी लाकडाच्या आणि काही कोळशाच्या कार्बनमध्ये जास्त सापडतात. पृष्ठफळाचा आकडाही असाच फसवतो. तो नायट्रोजन वायूने मोजतात, ब्रुनावर, एमेट आणि टेलर यांच्या १९३८ च्या पद्धतीने. नायट्रोजन जिथे शिरतो तिथे रंग शिरेलच असे नाही. खरेदी करताना आयोडीन अंकासोबत मिथिलीन ब्लू मूल्य आणि मोलॅसिस अंक ही मोठ्या रेणूंवरची मापेही विचारा. शेवटचा शब्द मात्र तुमच्या पाण्यावरच्या भांड्याचाच.

हिशेब

बेड किती दिवस चालायला हवा होता हे आधी काढले नसेल तर "लवकर संपला" म्हणायला आधार नाही. सगळ्यात मोठी गल्लत कमाल क्षमतेची होते. समजा लँगम्यूरच्या समीकरणात (पाण्यात किती रंग उरला असता कार्बन किती धरतो ते सांगणाऱ्या सूत्रात) कमाल क्षमता ग्रॅमला २०० मिलिग्रॅम आणि स्थिरांक ०.०२ लिटर प्रति मिलिग्रॅम आहे. मग पाण्यात ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर रंग शिल्लक असताना कार्बन ग्रॅमला सुमारे १७१ मिलिग्रॅम धरतो, ५० असताना १००, आणि १० असताना फक्त ३३. पाणी जितके स्वच्छ हवे तितका कार्बन कमी रंग धरतो.

कॉलममध्ये वरच्या दाण्यांना इनलेटची तीव्रता भेटते. ती समजा ५० आहे, म्हणून ग्रॅमला १०० हा आकडा लागू. २० लिटर बेडमध्ये साधारण १० किलो कार्बन, म्हणजे १,००० ग्रॅम रंगाची जागा. मिनिटाला २ लिटर, लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे तासाला ६ ग्रॅम. कागदावर सुमारे १६७ तास. आउटलेटला पहिला रंग त्याआधी दिसतो. निम्म्या वेळात दिसला तर मी आश्चर्य करत नाही, वीस तासांत दिसला तर मागे जाऊन पुन्हा तपासतो. टाकीत पावडर टाकणाऱ्यांना मात्र शेवटच्या, स्वच्छ पाण्याचा आकडा लागू होतो, म्हणजे ३३. म्हणून तीच पावडर दोन हप्त्यांत, मध्ये गाळून टाकली तर कमी लागते. कॉलमवाल्यांना दोन कॉलम एकामागोमाग लावणे हाच सगळ्यात चांगला उपाय. पहिला पूर्ण भरू द्या, दुसरा निसटलेला रंग पकडेल. मग पहिला बदलून त्याला दुसऱ्या जागी ठेवा.

कुठे थांबावे

कार्बनच्या टाकीत उतरू नका. कोणत्याही कारणाने, मिनिटभरासाठीही नाही. ओला सक्रिय कार्बन बंद जागेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि आतली हवा श्वासासाठी अपुरी होते. त्याला वास नसतो, रंग नसतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. दाणे बाहेर येत असतील, तळाची जाळी फुटली असेल, तर पाणी बंद करा आणि बंदिस्त जागेत काम करण्याचे प्रशिक्षण व हवा मोजायचे यंत्र असलेल्यांनाच बोलवा.

कार्बन "जागा करायला" ब्लीचिंग पावडर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. तीव्र ऑक्सिडीकारकाशी कार्बन तापतो, पेटू शकतो. खरे पुनरुज्जीवन ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत, वाफेसह आणि हवा रोखून होते. ते त्या कामाच्या लोकांचे काम आहे. वापरलेल्या कार्बनमध्ये सगळा रंग साठलेला असतो, म्हणून तो उघड्यावर टाकायचा नाही. धोकादायक कचऱ्याचे नियम आणि अधिकृत संकलक विचारा.

पाणी स्वच्छ दिसते पण सीओडी (पाण्यातल्या पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) खाली येत नाही, किंवा ॲझो रंगांच्या पाण्यात बेड सडलेला आहे, तर डोळ्यांवर समाधान मानू नका. ऑक्सिजनविना ॲझो रंगांमधला नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटून रंगहीन ॲरोमॅटिक अमाइन्स बनतात आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. खाली कोणीतरी ते पाणी वापरणार आहे. इथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी हवीच.

आणि कुटलेल्या ताज्या कार्बनने कोणत्याच पीएचला रंग ओढला नाही, तर आणखी कार्बन मागवू नका, सांडपाण्याच्या प्रक्रियेचा अभियंता बोलवा. त्याला देण्यासाठी एवढे तयार ठेवा: रंगांची नावे आणि वर्ग, इनलेट-आउटलेटचे आठवडाभराचे पीएच आणि वाहकता, बादलीने मोजलेला प्रवाह, बेडचे आकारमान, शेवटच्या बॅकवॉशची तारीख, चारही भांड्यांचे आकडे आणि झाकण लावलेल्या दोन बाटल्या, एक इनलेटची, एक आउटलेटची.